तारेला ओवलेलं बिल

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आत्याकडे गेलो, तर ती फोन कानाला लावून दारातच उभी. चेहरा उतरलेला. मोबाइलवर मेसेज आला होता : मागचं बिल भरल्याची नोंद नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, त्वरीत खालील अधिकाऱ्याशी बोला. आत्यानं पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग शिकवला आहे. मेसेज तिनं अक्षर न् अक्षर वाचला होता. 'त्वरित'मधली 'रि' चुकून दीर्घ पडली आहे, हेसुद्धा तिनं मला सांगितलं. पण नंबर लावून झाला होता आणि पलीकडचा माणूस तिला एक ॲप डाउनलोड करायला सांगत होता.

मी तिला फोन ठेवायला लावला. तिच्या स्वयंपाकघराच्या दाराआड खिळ्याला एक तार लटकते, तिच्यात बिलं ओवलेली असतात. सगळ्यात वरचं काढलं. ग्राहक क्रमांक, शेवटी भरलेली रक्कम, भरल्याची तारीख आणि कंपनीचा टोल फ्री नंबर, सगळं त्यावर छापलेलं. मेसेजमधला नंबर कोणाचा तरी साधा दहा आकडी मोबाइल होता, बिलावर तो कुठेच नव्हता. आत्या खुर्चीवर बसली आणि कितीतरी वेळ नुसती त्या कागदाकडे बघत राहिली.

तिला वाचता येत नाही, असं कोण म्हणेल? मग त्या दहा मिनिटांत तिच्याकडे कशाची उणीव होती, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

प्रश्न जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं. त्यातला जोशी गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालतो आणि भ्यालेलं जोडपं कर्जात बुडतं. शेवटी दोघं रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतात. मला मोलाचं वाटतं ते त्याआधीचं : अक्षरओळख व्हायच्या आतच त्यांच्या मनात 'हे कशावरून?' उभं राहिलेलं असतं. शाळा ही त्या प्रश्नाची पुढची पायरी होती. आपण नंतर पायरी जपली आणि प्रश्न मागे टाकला. अक्षरओळख मोजता येते, म्हणून ती मोजत गेलो. १९५१च्या जनगणनेत देशात शंभरातली जेमतेम अठरा माणसं साक्षर होती, २०११मध्ये त्र्याहत्तर. हे यश फार मोठं आहे. पण 'कशावरून' विचारणारे किती, याचा रकाना जनगणनेच्या तक्त्यात नसतो.

'माहिती साक्षरता' हा शब्द आला अमेरिकेतून, १९७४ साली. पॉल झुरकॉव्स्की हे माहितीचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. जवळजवळ सगळा देश साक्षर असला तरी माहिती साक्षर म्हणावीत अशी माणसं सहातलं एखादंच, असा अंदाज त्यांनी एका अहवालात मांडला. त्यांच्या डोळ्यांसमोर होता तो आपल्या कामात माहितीची साधनं वापरू शकणारा नोकरदार. पुढे ग्रंथपालांनी ही कल्पना आपलीशी केली. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या समितीनं १९८९मध्ये तिची व्याख्या केली : माहिती कधी हवी ते ओळखणं, ती शोधणं, पारखणं आणि नीट वापरणं. व्याख्या चांगली आहे, पण ती माहिती दुर्मीळ असतानाच्या जगातली आहे. तेव्हा शोधणं हेच मोठं काम होतं, सापडलं की निम्मी लढाई जिंकली.

नोव्हेंबर २००५मध्ये अलेक्झांड्रियाच्या जाहीरनाम्यानं माहिती साक्षरतेला डिजिटल जगातला मूलभूत मानवी हक्क म्हटलं. त्याच्या महिनाभर आधी, १२ ऑक्टोबरला, आपल्याकडे माहितीचा अधिकार कायदा लागू झाला होता. तो आला कामाच्या मस्टरमधून. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं १९९४च्या डिसेंबरपासून जनसुनवाया घ्यायला सुरुवात केली. सरकारी कामांचे कागद, मजुरांच्या हजेरीच्या नोंदी गावासमोर मोठ्यानं वाचायच्या : अमक्यानं इतके दिवस काम केलं, इतके पैसे उचलले. मग गर्दीतून कोणीतरी उठायचं : मी तर त्या कामावर गेलोच नव्हतो; हे नाव ज्याचं आहे तो माणूस केव्हाच वारला. १९९६मध्ये याच मागणीसाठी ब्यावरला चाळीस दिवस धरणं चाललं.

ऐकणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना अक्षर लावता येत नव्हतं. पण कागदावरची ओळ आणि आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट समोरासमोर ठेवून ताडून पाहणं त्यांना येत होतं, आणि ते त्यांनी एकेकट्यानं न करता सगळ्यांनी मिळून, भर चौकात केलं. या बाबतीत ती माणसं माझ्या पदवीधर आत्याच्या, आणि माझ्याही, पुढे होती असं मी मनापासून मानतो.

मग माहितीचा पूर आला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावानं ठार मारलं. भिक्षा मागत आलेली ती भटक्या समाजातली माणसं, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली. मुलं पळवणाऱ्या टोळ्या फिरताहेत, अशा अफवा तेव्हा फोनवरून घरोघर पोचल्या होत्या. त्या वर्षी देशभर फिरलेला एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीचा होता. शेवटी मूल परत आणून सोडतात, तेवढा भाग कापलेला. हे लिहिताना आजही हात जड होतो. चौकशीला पाच मिनिटं पुरली असती.

चौकशी म्हणजे काय, हे स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू यांच्या अभ्यासातून मला नीट कळलं. इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि तथ्य तपासणारे पत्रकार यांच्यासमोर त्यांनी अनोळखी संकेतस्थळं ठेवली. प्राध्यापक आणि विद्यार्थी बरेचदा तेच पान वरून खाली वाचत राहिले आणि फसले. पत्रकार पान तसंच सोडून बाहेर पडले : या संस्थेबद्दल दुसरे काय म्हणतात? स्थळ सांगून आलं की आपण हेच करतो. मुलाकडच्यांनी दिलेला कागद पुन्हा पुन्हा वाचत बसत नाही, त्या गावात आपलं ओळखीचं कोण आहे ते शोधतो. आत्यानं मेसेज बारकाईनं वाचला, तिथेच ती अडकली. उत्तर दाराआडच्या तारेवर होतं.

पण तारेवर बिल असावं लागतं. सगळा भार वाचणाऱ्यावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. माहितीच्या अधिकाराचं कलम ४ सांगतं, की कार्यालयांनी न मागता माहिती जाहीर करावी. ती जिथे जुनी, अर्धवट किंवा न कळणाऱ्या भाषेत पडून असते, तिथे माणूस अफवेकडेच जातो. गावातलं वाचनालय बंद पडतं तेव्हा पेपर पुढ्यात ठेवून वाद घालायची जागाच जाते. आणि फसून फसून 'सगळेच खोटं बोलतात' म्हणणारा माणूस सावध झालेला नसतो. त्यानं चौकशी सोडून दिलेली असते. त्याला पुन्हा फसवणं फार सोपं.

आत्यानं बिलावरचा नंबर शाईच्या पेनानं, फळ्यावर लिहायची तशा टपोऱ्या आकड्यांत कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे. आता गल्लीतल्या बायका असले मेसेज घेऊन तिच्याकडे येतात. ती फोन हातात घेत नाही. म्हणते, "आधी घरचं बिल घेऊन ये."