रूपकाचं प्रमाणपत्र

आमच्या पुंडलिकनगरात घरं इतकी खेटून आहेत की एकानं गाणं लावलं की ते दोन घरांत वाजतं. मी डीजीएम या रोमच्या प्रोग्रेसिव्ह मेटल बँडचा २०२४चा ‘एंडलेस’ हा अल्बम लावला होता. शेजारचे काका भजनी मंडळात पखवाज वाजवतात. खिडकीतूनच म्हणाले, “जोरात वाजतंय, पण ठेका कुठंय?”

गोंगाट म्हणाले असते तर सोडून दिलं असतं. मेटल ऐकणाऱ्याला ते ऐकायची सवय असते. ठेका नाही, हे मात्र झोंबलं; कारण या संगीताचा सगळा डौल मात्रांच्या हिशेबावर. चाराच्या चालीत मध्येच सात घुसतात, मग पाच. ड्रम एक मोजतात, गिटार भलतंच. मी म्हणालो, “काका, हा आपला रूपकच. सात मात्रा.”

“असं? मग सम दाखवा.”

रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, ‘खाली’वर पडते. तिथं टाळी नाही, तरी जाणकाराची मान बरोबर डुलते, कारण ताल त्याच्यात मुरलेला असतो. मोजलेला ताल आणि मुरलेला ताल, हा फरक मला फार आवडतो. नको तिथंही काढतो. मेटलच्या कार्यक्रमात मान समेसाठी थांबत नाही, ठोक्यागणिक हलते, आणि सात आले की अडखळते. म्हणजे काका जिंकले?

मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शन या मेटल बँडचा २०१७चा ‘दशावतार’ हा अल्बम आठवला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी, शब्द इंग्रजी. कोकणातला दशावतार एवढा हिशेबी नसतो. (विषयांतर आहे, पण मोह आवरत नाही.) नावात दहा असले तरी पूर्वरंगात संकासुर हसवून जातो, मग एखादंच आख्यान रात्रभर रंगतं आणि पात्रं संवाद जागेवर रचतात. मुंबईकरांनी दहाचा आकडा चोख पाळला, पण कीर्तन केलं नाही. माझ्या कानाला त्यात भक्ती कमी, अवतारांनी केलेला संहार जास्त ऐकू येतो. तो अल्बम कोकणाच्या परवानगीशिवाय उभा राहतो. मग डीजीएमच्या सातांना रूपकाचं प्रमाणपत्र कशाला? रूपक समेवर सुखरूप आणून सोडतो; हे सात पायाखालची फळी काढून घेतात.

मुरणं तिथंही आहेच. डीजीएम हे नाव दिएगो, जॅनफ्रँको आणि माउरीत्सिओ या संस्थापकांच्या आद्याक्षरांचं. आज त्यांतला एकही बँडमध्ये नाही, तरी घडण तीच. ताल वाजवणाऱ्यांच्या अंगात मुरलाय, ऐकणाऱ्यानं मात्र अडखळायचं. भजनात टाळकरी चुकला तर बाकीचे सावरून घेतात. हेडफोनमध्ये सावरणारं कुणी नाही. ही उणीव आहे असं मी इथवर धरून चाललो होतो. आता वाटतं, ज्याला जन्मभर कुणी ना कुणी ठेक्यावर आणत आलंय, त्यानं कधीतरी पैसे मोजून चुकायलाच जावं. काकांना मात्र हे पटणार नाही, आणि भजनापुरतं त्यांचंच खरं.