गावाचं नाव

चेन्नईत पावसाचे दिवस आले की औषधांच्या दुकानासमोर काळे चष्मे घातलेली माणसं दिसू लागतात. "मद्रास आय," दुकानदार मला हसून म्हणाला. शहराचं नाव १९९६ मध्ये बदललं, आजारातलं मद्रास तसंच राहिलं, आणि इथे त्याचं कुणाला काही वाटत नाही. आपण मराठीत नुसतं 'डोळे आले' म्हणतो. देवीही यायच्या, कांजिण्याही येतात. पाहुण्याचं गाव आपली भाषा विचारत नाही.

मला मात्र तिथे उभ्या उभ्या चांदीपुरा आठवलं. १९६५ साली नागपुरात तापाची साथ होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात, म्हणजे आजच्या एनआयव्हीत, दोन रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला आणि त्याला चांदीपुरा या गावाचं नाव मिळालं. तेव्हा तो तापाचा विषाणू होता, बस. ठेवणाऱ्यांच्या मनात वाकडं काही नसणार; सापडला तिथलं नाव द्यायचं, ही रीतच होती. मग २००३ मध्ये आंध्रात तोच मुलांच्या मेंदूवर उतरला. ताप, झटके, बेशुद्धी. बरीच मुलं एक-दोन दिवसांतच गेली. ३२९ आजारी मुलांपैकी १८३. २०२४ मध्ये गुजरातेत पुन्हा. दर वेळी बातमीत विदर्भातलं ते गाव, जणू रोग पसरवणारी सँडफ्लाय तिथूनच उडून आली.

नव्या रोगांना जागेचं नाव देऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं. पटतं. पण जुनं नाव पुसावं का? मद्रासचा दाखला इथे चालत नाही. एवढ्या मोठ्या शहराला थट्टा परवडते. खेड्याचं नाव जगाने ऐकलं ते याच एका कारणाने. उलट, पुसलं तर ज्यांच्या रक्तातून ही ओळख पटली त्यांची उरलीसुरली खूणही जाईल. अमेरिकेत १९९३ मध्ये सापडलेल्या एका हंटा विषाणूला तिथल्या जागेचं नाव द्यायला स्थानिकांनी हरकत घेतली. शेवटी 'सिन नोंब्रे', स्पॅनिशमध्ये 'बिननावाचा', असं ठरलं. त्यांना निदान बोलता आलं. चांदीपुराचा निर्णयही चांदीपुरानेच करावा, असं मला वाटतं.

हे ठरवून मी डोळ्यांचे थेंब घेऊन निघालो, आणि वाटेत लक्षात आलं: आंध्रातल्या ज्या खेड्यांतून ती मुलं उचलून दवाखान्यात नेली, त्यांतल्या एकाचंही नाव मी कधी शोधलं नव्हतं. मलाही चांदीपुरा एवढंच पुरलं होतं.