खाजनातली सकाळ
गोव्यातल्या खाजन शेतात पक्ष्यांचे फोटो काढायला जायचं, तर आधी भरती-ओहोटीची वेळ बघावी लागते. खाडीला बांध घालून मिळवलेली ही जमीन. बांधात असते 'मानस', म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरतीच्या रेट्याने दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. पावसाळ्यात इथे खारेपण सोसणारं कोरगुट भात. कापणी झाली, पाणी आत घेतलं की मासे, कोळंबी आणि त्यांच्यामागे पाखरं.

हिवाळ्यात उथळ पाण्यात शेकाटे दिसतात. पाय गुलाबी, काडीसारखे लांब. मी चिखलात पोटावर झोपतो; पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून घेतलेला फोटोच त्याचा वाटतो, वरून घेतलेली नुसती नोंद. (घरी कपडे धुताना हे तत्त्वज्ञान कुणाला पटत नाही.) अर्धा तास सरपटत गेलो आणि थवा भुर्रकन उडाला.

तेवढ्यात एक शेतकरी खांद्यावर फावडं टाकून बांधावरून ताठ चालत आले. मोठ्याने खोकलेसुद्धा. जवळचा बगळा जागचा हलला नाही. रोजच्या माणसाची चाल त्याला पाठ. सरपटणारा मीच तेवढा शिकारी.

"बाब, आडवे कशाला पडलात? बसा की बांधावर!"

बसलो. कॅमेरा मांडीवर. बऱ्याच वेळाने एक शेकाट्या परतला, मग दुसरा. पहिला फोटो जरा हललेला आलाय. तो अजून ठेवलाय.