दारातली गर्दी

मार्काच्या शुभवर्तमानातील पक्षाघाती माणसाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. चौघांनी त्याला खाटेवर घालून आणले. आत जायला वाट मिळेना, म्हणून छप्पर उघडून त्याला प्रभू येशूसमोर खाली सोडले. त्या चौघांच्या श्रद्धेवर आपण कितीतरी प्रवचने ऐकली. दारात उभ्या असलेल्या गर्दीविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. ती माणसे वाईट नव्हती. ती प्रभूची शिकवण ऐकायलाच आली होती. त्यांनी कोणाला हाकलले नाही. ती फक्त बाजूला सरकली नाहीत.

आपल्या चर्चच्या दाराला पाच पायऱ्या आहेत. आपल्यातील एक काका अपघातानंतर चाकांच्या खुर्चीवर आले. दर रविवारी चार तरुण त्यांना खुर्चीसकट उचलून आत नेत आणि आम्हाला त्या तरुणांचे कौतुक वाटे. पुढे काका मिस्साला येईनासे झाले. आम्ही घरी भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "पोरं गुणी आहेत. पण दर रविवारी मला ओझं व्हावं लागतं. मध्येच बाहेर जायचं झालं तर पुन्हा चौघांना उठवायचं? मिस्सानंतर तुम्ही सगळे आवारात गप्पा मारता, मी उचलणाऱ्यांची वाट बघत बसतो."

आम्ही निरुत्तर झालो. मदत केली म्हणजे आपले कर्तव्य संपले काय? मदत चांगलीच, पण ती दर वेळी मागावी लागते, आणि नंतर आभार मानावे लागतात. देवाच्या घरी यायला आपण बाकीचे कोणाचे आभार मानतो? पाहुण्याला उचलून आत घेतात. घरच्या माणसासाठी वाट ठेवलेली असते.

कोणी विचारील, "अशी माणसे येतातच किती?" परंतु मिस्साला बसलेली माणसे मोजणे म्हणजे ज्यांना पायऱ्या चढता आल्या त्यांनाच मोजणे. शिवाय प्रत्येक अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते २१ झाले. ज्यांना कमी ऐकू येते, ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही, ती माणसे आपल्या शेजारच्याच बाकावर असतात. आणि ज्या आईचे स्वमग्न मूल मिस्सात मोठ्याने ओरडते, तिला आपल्या वळलेल्या माना कोणत्याही पायरीपेक्षा उंच वाटतात.

रॅम्पचा हिशेब सोपा आहे. एका फुटाच्या चढाला बारा फूट लांबी लागते. आपल्या पाच पायऱ्यांची उंची सुमारे अडीच फूट, म्हणजे तीस फुटांचा रॅम्प हवा. तेवढी जागा चर्चच्या डाव्या भिंतीलगत आहे. तिथे रविवारी आपल्या दुचाक्या उभ्या असतात! म्हणजे सरकायचे कोणी, हे स्पष्टच आहे.

पण केवळ दारापर्यंत वाट करून भागणार नाही. एखादे बाक आखूड केले, तर खुर्ची वाटेत न राहता कुटुंबाशेजारी राहील. वाचनासाठी मायक्रोफोन खाली आणला, तर काकांचा भारदस्त आवाज पुन्हा ऐकू येईल. शरीराचे जे अवयव दुर्बल वाटतात तेच आवश्यक असतात, असे संत पौल करिंथकरांना सांगतो. आवश्यक अवयवाला आपण फक्त ऐकायला बसवतो काय?

आणि हे सारे ठरवताना आधी त्यांनाच विचारू या. बार्तीमय आंधळा आहे हे दिसत असूनही, त्याला काय हवे आहे ते प्रभूने त्यालाच विचारले होते.

येत्या रविवारी दुचाकी त्या भिंतीलगत लावण्यापूर्वी आपण सर्वांनी काकांची आठवण करावी. सुरुवात तिथूनच होऊ शकते.