कौशल्याचे ऋण

प्रोस्टेटच्या कर्करोगावर रोबोटच्या साहाय्याने शस्त्रक्रिया करणाऱ्या मूत्रविकारतज्ज्ञाच्या परिचयात इतक्या शस्त्रक्रिया, इतकी वर्षे असे आकडे असतात. ही त्याची कमाई मानली जाते. मला ते ऋण वाटते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील ७२ शल्यचिकित्सकांनी उघड्या पद्धतीने केलेल्या प्रोस्टेट शस्त्रक्रिया तपासल्या गेल्या. गाठीशी जेमतेम १० शस्त्रक्रिया असणाऱ्यांच्या रुग्णांत, पाच वर्षांत रक्तातील पीएसए या प्रोस्टेटच्या प्रथिनाची पातळी वाढून रोग परतल्याची खूण दिसण्याचे प्रमाण १७.९ टक्के निघाले. २५० शस्त्रक्रिया झालेल्यांकडे ते १०.७ टक्के होते. दोन आकड्यांमधले अंतर कुणाच्या तरी शरीराने भरून काढले आहे. शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्या जोडीला मनुष्यांचेही ऋण सांगितले आहे. सर्जनाच्या हातातली सफाई हे त्याचे ठळक उदाहरण.

यावर कुणी म्हणेल, आता यंत्र आले, हाताचा प्रश्न मिटला. पण २००० नंतर रुळलेला दा विंची रोबोट स्वतः काहीच ठरवत नाही. सर्जन कन्सोलवर बसून हात हलवतो, रोबोटचे हात कंप गाळून तीच हालचाल करतात. प्रोस्टेटला बिलगलेल्या मज्जातंतूंच्या किती जवळून कापायचे, हा निर्णय माणसाचाच. ब्रिस्बेनमधील ३२६ पुरुषांच्या चाचणीत (२०१६) बारा आठवड्यांनंतर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांत उघडी व रोबोटिक पद्धत सारख्याच ठरल्या. तिथे दोन्ही पद्धतींचे सर्जन वेगळे होते आणि उघडी शस्त्रक्रिया करणाऱ्याचा अनुभव कितीतरी अधिक होता. साधन आणि कर्ता यांची फारकत त्या चाचणीलाही करता आली नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. कर्ता त्यांतला एक, साधने आणि दैवही त्यांतच. मग सगळा भार सर्जनावर का? कारण ती शिकवण कर्त्याचा अहंकार काढून घेते, कर्तव्यातून सूट देत नाही. यशाचे श्रेय एकट्याचे नाही, एवढाच तिचा अर्थ घेतला तरी आकडे मिरवण्याला जागा उरत नाही.

हे ऋण फेडायचे तर पहिली अट सत्याची: आपण किती शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांचे काय झाले, हे दोन्ही रुग्णाला सांगणे. असे सांगितल्यास नवख्याकडे कोण जाईल, ही शंका रास्त आहे. पण सिम्युलेटरवर सराव करता येतो, आणि दोन कन्सोल असले की ज्येष्ठ सर्जन कोणत्याही क्षणी सूत्रे हाती घेऊ शकतो. त्यामुळे शिकण्याचा भार एकट्या रुग्णावर पडत नाही. एवढे करूनही थोडा धोका उरतो. तो रुग्णाने जाणून स्वीकारला तर ते दान ठरते. त्याच्यापासून लपवला तर ती चोरी.