गायनवर्गातील मागची रांग
(शास्त्रभाग : १ इतिहास २५:१-८)



दाविदाने मंदिरातील सेवेसाठी आसाफ, हेमान व यदूथून यांच्या घराण्यांतील गायक नेमले. ते २८८ असून सर्व निपुण होते, असे सातव्या वचनात आहे. आठवे वचन मात्र आपण घाईने वाचून पुढे जातो. सेवेच्या पाळ्या ठरविताना लहान व थोर, गुरू व शिष्य यांच्या चिठ्ठ्या सारख्याच टाकल्या. जेथे शिष्य आहे तेथे अजून चुकणारा कोणी तरी आहेच; त्यालाही पाळी मिळाली.

आमच्या हातून एका नाताळात नेमके उलट घडले. धार-देवासकडे आपली मराठी कुटुंबे थोडी, संडे स्कूलला मुले जेमतेम बारा-पंधरा. त्यांतील एकाचा सूर लागेना. आम्ही त्याला मागे उभे केले व “नुसते ओठ हलव” म्हणून सांगितले. गीत छान झाले, वडील मंडळींनी वाखाणले. पण तो मुलगा पुढे खेळातही कडेला राहू लागला आणि इतर मुलेही त्याला कडेचाच समजू लागली. आम्ही न शिकविलेला धडा मुले आमच्याकडूनच शिकली होती.

कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाच्या दुखण्यामुळे देवासला येऊन राहिले. कित्येक वर्षे त्यांचे गाणे बंद होते. अंथरुणावरून त्यांनी माळव्यातील बायकांची गाणी ऐकली व पुढे ती त्यांच्या गायकीत उतरली. त्या बायका कोणा उस्तादाकडे शिकल्या नव्हत्या. लग्नघरी सगळ्या मिळून गातात; आजीजवळ बसलेली पोर सूर धरते, चुकते, पुन्हा धरते. तिला कोणी उठवीत नाही. कोठे थांबावे, दुसरीचा आवाज केव्हा वर येऊ द्यावा, हे तिला तेथे बसूनच कळते.

शिक्षकांनो, सूर न लागणाऱ्या मुलाला दोन स्थिर आवाजांच्या मध्ये बसवा. पेटी हळू वाजवा. पेटी मोठी झाली की मुले ओरडतात. अर्ध्या वर्गाने एक ओळ म्हणावी, अर्ध्याने ऐकावी, मग उलट. मोठ्या आवाजाच्या मुलांना गप्प राहून ऐकणे फार जड जाते, असा आमचा अनुभव आहे. आणि आईबापांनो, कार्यक्रम थोडा बेसूर झाला तर सोसा. मंदिरात मुले गजर करू लागली तेव्हा संताप आला तो मुख्य याजकांना व शास्त्र्यांना; प्रभूने मुलांना गप्प केले नाही (मत्तय २१:१५-१६).

आम्ही त्या मुलाच्या घरी जाऊन त्याची क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. हल्ली तो झांजा वाजवितो, आणि आमचे लक्ष नसले की गातोही.