टिळकांविषयी मुलांना काय सांगायचं?

१ ऑगस्टला, टिळक पुण्यतिथीला, शाळेत भाषण माझ्याकडे आहे. काकांनी उभा जन्म इतिहास शिकवला, म्हणून मसुदा त्यांना दाखवला. संमतिवयाच्या परिच्छेदापाशी ते अडले.

“हे कशाला? आठवीच्या पोरांना?”

“आठवीची आहेत म्हणूनच, काका. समोर तेरा वर्षांच्या मुली बसतात. १८९१ च्या कायद्याने संमतीचं वय दहावरून फक्त बारावर आलं, आणि टिळकांनी त्यालाही विरोध केला.”

“विरोध परक्या सरकारच्या कायद्याला होता. आमच्या घरात त्यांनी हात घालू नये, हे त्यांचं म्हणणं. मुलीचं लग्न सोळाच्या आत आणि मुलाचं विसाच्या आत करणार नाही, असं सुधारकांनी स्वतःला बांधून घ्यावं, हे त्यांनीच सुचवलं होतं ना?”

“सुचवलं होतं, आणि ते कायद्याच्या पुढचं होतं. पण ज्याला पटेल त्याच्यापुरतंच. फुलमणीच्या नवऱ्याने असल्या कागदावर सही केली असती?”

कलकत्त्याची फुलमणी दासी जेमतेम अकरा वर्षांची. नवऱ्याच्या बळजबरीने रक्तस्राव होऊन गेली. १८९० मध्ये खटला चालला, पण वय दहाच्या वर भरलं, म्हणून बलात्काराचं कलम नवऱ्याला लागलंच नाही.

“माणूस त्याच्या काळात ठेवून बघावा गं.”

“बघू या. त्याच काळात, त्याच पुण्यात आगरकरही होते. टिळकांबरोबर शाळा चालवलेले, तुरुंगात राहिलेले. त्यांनी ‘सुधारक’मधून कायद्याची बाजू घेतली. काळ दोघांना एकच मिळाला होता.”

काकांचा आवाज चढला. “आगरकरांविषयी मला आदरच आहे. पण मंडालेची सहा वर्षं टिळकांनी काढली. ते तिकडे असताना १९१२ मध्ये सत्यभामाबाई गेल्या. ह्याची काहीच किंमत नाही?”

किंमत आहे, आणि फार मोठी आहे. पण मला वाटतं, आपण फसतो ते इथेच. मंडाले जमेला धरतो, संमतिवय खर्ची टाकतो आणि शिल्लक काढायला बसतो. मंडाले टिळकांनी स्वतः सोसलं. कायदा अडला असता तर सोसणाऱ्या मुली वेगळ्या होत्या. त्यांचं देणं मंडालेच्या खात्यातून कसं फिटणार? काकांना मी तेच म्हटलं.

“मग शिल्लक धरायची किती?”

“काढायचीच नाही. दोन्ही रकमा आहेत तशा सांगायच्या.”

“आणि पोरांनी विचारलं, मग फोटोला हार कशाला?”

“तर १९०८ चा संप सांगेन. शिक्षा सहा वर्षांची, म्हणून मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस कामावर गेले नाहीत. गोळीबार झाला, माणसं मेली. हातावर पोट असलेल्यांनी मजुरी बुडवली, ती ह्या माणसासाठी. ते सांगितल्याशिवाय टिळक कळायचे नाहीत. फुलमणीशिवायही कळायचे नाहीत.”

काकांनी मसुदा पुन्हा पुढे ओढला. “मग अर्धवट लिहू नकोस. सोळा वर्षांची सूचनाही घाल.”

“घालते.”

“आणि सुरुवात कुठून?”

“१८८२ पासून. कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांवर खटला झाला, तेव्हा त्यांच्या जामिनाची खटपट जोतीराव फुल्यांनी केली होती.”